सॅटेलाइट फोनच्या लहरी: लिलाव की वाटप? (एल आणि एस बँड)

तरंगलांबी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. छतावर थाळी बसवून उपग्रहावरून घेण्याच्या इंटरनेटबद्दल येथे पुष्कळ चर्चा झाली आहे, आणि ती केयू व केए या अधिक वरच्या लहरींच्या बँडपुरती होती. या धाग्यात मला केवळ मोबाइल उपग्रह सेवेविषयी बोलायचे आहे: हातातला सॅटेलाइट फोन, जहाजावरचे इन्मारसॅट या उपग्रह कंपनीचे यंत्र, मच्छीमार नौकेवरचा ट्रान्सपाँडर (उपग्रहामार्फत संदेश देणारे-घेणारे उपकरण), रेल्वे इंजिनाचा ठावठिकाणा कळवणारे उपकरण. या सेवा प्रामुख्याने एल बँड (सुमारे १.५ ते १.६ गिगाहर्ट्झ) आणि एस बँड (सुमारे २ ते २.७ गिगाहर्ट्झ) यांतल्या अरुंद पट्ट्यांत चालतात.

दूरसंचार कायदा, २०२३ प्रमाणे स्पेक्ट्रम (रेडिओ लहरींचे पट्टे) लिलावानेच द्यायचा, हा सर्वसाधारण नियम आहे. ज्या सेवांना त्यातून वगळले आहे, म्हणजे लिलावाविना सरकारी वाटपाने स्पेक्ट्रम द्यायचा आहे, त्यांची यादी पहिल्या अनुसूचीत असून तीत एल व एस बँडमधील मोबाइल उपग्रह सेवेचा नावानिशी उल्लेख आहे. मे २०२५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने शिफारस केली की उपग्रह सेवांच्या स्पेक्ट्रमसाठी कंपनीच्या समायोजित सकल महसुलाच्या (ठरावीक वजावटींनंतरच्या महसुलाच्या) ४ टक्के शुल्क घ्यावे, ते दर मेगाहर्ट्झमागे वर्षाला किमान ३,५०० रुपये असावे आणि वाटप ५ वर्षांपर्यंत असावे, गरज भासल्यास त्यात २ वर्षांची भर घालावी.

माझा प्रश्न असा की, ही सेवा मूठभर जहाजे, लष्कर आणि आपत्ती निवारण पथके यांच्यापुरती होती तोपर्यंत वाटप ठीक होते. परंतु आता याच पट्ट्यांतून साध्या मोबाइल फोनला थेट उपग्रहाशी जोडण्याचे बेत आहेत. तरीही लिलाव नको, हे आपण कोणत्या आधारावर म्हणायचे? माझे स्वतःचे मत वाटपाच्या बाजूचे आहे, मात्र आजच्या अटी मला अपुऱ्या वाटतात.

लिलावशास्त्री

आधार कोणताही नाही, असे माझे मत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी २जी मोबाइल सेवेचे १२२ परवाने रद्द केले ते याच कारणासाठी की दुर्मीळ नैसर्गिक संपत्ती 'पहिला येईल त्याला प्रथम' या तत्त्वावर वाटली गेली होती. उपग्रहाचे नाव घेतले की ती संपत्ती दुर्मीळ राहत नाही, असे थोडेच आहे?

निवृत्त_दूरसंचारी

धागाकर्त्यांनी केयू बँड बाजूला ठेवला हे योग्य झाले, कारण दोन्हींतला भौतिक फरकच या वादाचे मूळ आहे आणि वर्तमानपत्रांत तो सहसा येत नाही.

'उपग्रहाचा स्पेक्ट्रम अनेकांना एकाच वेळी वापरता येतो, म्हणून लिलाव नको' हा नेहमीचा युक्तिवाद आहे. केयू आणि केए बँडच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खरा आहे. तेथील थाळी आकाशातल्या एका ठरावीक दिशेकडे रोखलेली असते. शेजारच्या दिशेने त्याच लहरींवर दुसऱ्या उपग्रहाचा संदेश येत असला तरी तो तिला फारसा जाणवत नाही. हातातल्या फोनच्या अँटेनाला मात्र दिशा नसते. तिला सारे आकाश एकाच वेळी दिसते. दोन कंपन्यांचे उपग्रह एकाच वेळी एकाच लहरींवर बोलू लागले, तर फोनला कोणाचेच धड ऐकू येणार नाही. त्यामुळे मोबाइल उपग्रह सेवेत पट्टा प्रत्यक्षात कापूनच वाटावा लागतो.

उदाहरणे पाहा. भूपृष्ठापासून सुमारे ७८० किलोमीटरवर फिरणारे इरिडियमचे ६६ उपग्रह आणि सुमारे १,४०० किलोमीटरवरचे ग्लोबलस्टारचे उपग्रह, या दोन सॅटेलाइट फोन कंपन्यांना १६१० ते १६२६.५ मेगाहर्ट्झ हा एकच पट्टा मिळाला होता. अमेरिकेच्या नियामकाला त्याचे तुकडे पाडून वरचा भाग इरिडियमला आणि खालचा ग्लोबलस्टारला द्यावा लागला. उत्तर अमेरिकेवरील भूस्थिर उपग्रहांच्या एल बँडसाठी १९९६ मध्ये मेक्सिको सिटी येथे एक सामंजस्य करार झाला. त्याप्रमाणे संबंधित पक्षांनी दरवर्षी एकत्र बसून, कोणाला प्रत्यक्षात किती वापर आहे ते पाहून पट्टा वाटून घ्यायचा होता.

लिलावशास्त्री

निवृत्त_दूरसंचारी यांनी माझेच म्हणणे सिद्ध केले, त्याबद्दल आभार. पट्टा कापून एकालाच द्यावा लागतो, म्हणजे तो मक्तेदारीचा हक्क झाला, आणि मक्तेदारीचा हक्क सरकारने किंमत न विचारता देऊ नये.

निवृत्त_दूरसंचारी

पूर्ण ऐकून घ्या. तो पट्टा भारत सरकारच्या एकट्याच्या हातातच नाही. उपग्रहाच्या झोताला सीमा नसते. भारतावर पडणारा झोत श्रीलंका, मालदीव, पाकिस्तान आणि अर्धा हिंदी महासागर व्यापतो. कोणत्या सेवेला कोणता पट्टा, हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जागतिक रेडिओ परिषदा ठरवतात. आजच्या पुष्कळशा मोबाइल उपग्रह पट्ट्यांचे मूळ १९९२ साली स्पेनमधील तोरेमोलिनोस येथे झालेल्या परिषदेत आहे. त्या पट्ट्यात कोणाच्या उपग्रहाला अग्रक्रम, हे संघाकडे कोणत्या देशाने आधी नोंद केली आणि इतरांशी समन्वय पूर्ण केला यावर ठरते. समजा, भारताने १५२५ ते १५५९ मेगाहर्ट्झचा लिलाव पुकारला. बोली कोण लावणार? ज्याचा उपग्रह त्या लहरींसाठी बांधून आधीच वर गेलेला आहे तोच, आणि असे लोक दोन-तीन. जिंकणाऱ्याला मालदीवच्या आकाशातला हक्क काही आपण विकू शकत नाही. अमेरिकेने तर २००० साली कायदाच करून आंतरराष्ट्रीय आणि जागतिक उपग्रह सेवांच्या स्पेक्ट्रमच्या लिलावाला मनाई केली.

चिंतू_चाळकर

आमच्या सोसायटीत पार्किंगच्या जागांचे 'प्रशासकीय वाटप' झाले आहे. तेव्हापासून सचिवांची गाडी सावलीत असते आणि त्यांच्याकडे समन्वयासाठी अर्ज केलेल्या आम्हा उर्वरितांच्या गाड्या चिंचेखाली. एवढे अनुभवाचे बोल नोंदवून मी वाचनमात्र होतो.

ऑस्टिनवासी

चिंतूरावांचा विनोद बाजूला ठेवला तरी त्यातला धोका खरा आहे, आणि त्याचे सर्वांत मोठे उदाहरण मी राहतो त्या देशात घडले आहे.

अमेरिकेत २ गिगाहर्ट्झच्या आसपास मोबाइल उपग्रह सेवेसाठी राखलेला एक पट्टा डीबीएसडी आणि टेरेस्टार या दोन कंपन्यांकडे होता. त्यांना तो लिलावातून मिळालेला नव्हता. दोन्ही कंपन्या दिवाळखोरीत गेल्या आणि डिश नेटवर्कने त्या मिळून सुमारे २.८ अब्ज डॉलरना घेतल्या. डिसेंबर २०१२ मध्ये नियामकाने त्या पट्ट्यातील ४० मेगाहर्ट्झ जमिनीवरील मोबाइल सेवेसाठीही वापरण्याची मुभा दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये डिशची मूळ कंपनी इकोस्टार हिने तोच पट्टा, सोबत आणखी एक छोटा पट्टा धरून, सुमारे १७ अब्ज डॉलरना स्पेसएक्सला विकण्याचा करार केला. त्या छोट्या पट्ट्यासाठी डिशने २०१४ च्या लिलावात दीड अब्जाहून थोडे अधिक मोजले होते, ते वजा केले तरी उरणारा फरक डोळे विस्फारणारा आहे.

माझा लिलावाला आग्रह नाही. परंतु 'उपग्रहासाठी' म्हणून घेतलेली लहर पुढे दुसऱ्या कामाला वापरता येणार असेल आणि विकताही येणार असेल, तर ४ टक्क्यांचा हिशेब तेथेच कोसळतो.

कायद्याचे_बोला

आपल्याकडेही याची पूर्वपीठिका आहे आणि ती अमेरिकेपेक्षा कडू आहे. जानेवारी २००५ मध्ये इस्रोच्या अँट्रिक्स या व्यापारी कंपनीने देवास मल्टिमीडिया या खासगी कंपनीशी करार करून जीसॅट-६ आणि जीसॅट-६ए या उपग्रहांवरील एस बँडचा ७० मेगाहर्ट्झ देऊ केला. कोणतीही स्पर्धा झाली नाही. २०१० मध्ये थ्रीजी व ब्रॉडबँडच्या लिलावात सरकारला मिळून एक लाख कोटींहून अधिक रुपये मिळाले आणि मग सर्वांना एकदम त्या ७० मेगाहर्ट्झची किंमत कळली. फेब्रुवारी २०११ मध्ये करार रद्द झाला. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने अँट्रिक्सला ५६.२५ कोटी डॉलर भरपाई देण्यास सांगितले; जानेवारी २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने देवासची निर्मितीच फसवणुकीच्या हेतूने झाल्याचे मान्य करून ती कंपनी गुंडाळण्याचा आदेश कायम केला; आणि अमेरिकेतली वसुलीची लढाई जून २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली होती.

लिलावशास्त्री यांच्या मुद्द्याबाबत एक दुरुस्ती. २जी निकालानंतर त्याच वर्षी राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर घटनापीठाने स्पष्ट केले की प्रत्येक नैसर्गिक संपत्तीसाठी लिलाव हाच एकमेव घटनात्मक मार्ग नाही. मार्ग मनमानी नसावा, एवढी अट आहे. म्हणून २०२३ चा कायदा त्या निकालाला छेद देतो असे सरसकट म्हणता येणार नाही. देवासचा दोष लिलाव नव्हता हा नव्हे. कोणते निकष लावून कोणी कोणाला काय दिले, हे बाहेर कोणाला समजण्याची सोयच नव्हती, हा होता.

दर्याकिनारी

आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी आहे, त्यामुळे या धाग्यातील अब्जावधी डॉलर वाचून जरा गरगरले. माझा अनुभव सांगते.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले, ते सर्वांना आठवते. त्याच कार्यक्रमात नौका संपर्क व साहाय्य प्रणालीचाही प्रारंभ झाला. किनारपट्टीच्या १३ राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत मिळून १ लाख मच्छीमार नौकांवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर बसवण्याची ही सुमारे ३६० कोटींची योजना आहे. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून काही मैलांवर संपते. नंतर तांडेलाला (नौकेच्या प्रमुखाला) वायरलेसवर जवळच्या नौकेशी बोलता येते, तेवढेच. ट्रान्सपाँडरवरून वादळाचा इशारा नौकेपर्यंत येतो आणि अडचणीत सापडलेल्या नौकेचा संदेश किनाऱ्याकडे जातो. पूर्वी इशारा निघायचा, पण आमची माणसे आधीच आत गेलेली असायची.

माझा प्रश्न साधा आहे. उद्या या लहरींना भाव आला, तर आमचा छोटा संदेश कोणाच्या व्हिडिओमागे रांगेत उभा राहणार नाही, हे कोण पाहणार?

जहाजी_मनोहर

दर्याकिनारी ताईंचा प्रश्न या चर्चेचा खरा गाभा आहे, असे मला वाटते. मोबाइल उपग्रह सेवेचा जन्मच समुद्रावरच्या सुरक्षिततेसाठी झाला. इन्मारसॅट ही १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पुढाकाराने, अनेक देशांच्या भागीदारीतून उभी राहिली. खासगी कंपनी ती १९९९ मध्ये झाली आणि २०२३ मध्ये व्हायासॅट या अमेरिकी उपग्रह कंपनीने ती विकत घेतली. मालकी बदलली तरी जहाजाच्या संकट-संदेशाला इतर सर्व संदेशांवर अग्रक्रम द्यायचा, हे बंधन सुटले नाही, कारण ते रेडिओ नियमावलीतच लिहिलेले आहे. त्याच्या जोडीला ४०६ ते ४०६.१ मेगाहर्ट्झ हा चिंचोळा पट्टा केवळ संकटसूचक बीकनसाठी जगभर राखलेला आहे आणि तेथे कोणत्याही कंपनीला बोली लावता येत नाही. आपल्याकडे त्या बीकनचे संदेश बंगळुरूच्या केंद्रात येतात.

एल बँडचे आणखी एक उदाहरण. मार्च २०१४ मध्ये मलेशियाचे एमएच-३७० विमान नाहीसे झाले, तेव्हा त्याची बाकीची संपर्क साधने बंद होती. हिंदी महासागरावरील इन्मारसॅट उपग्रहाशी त्याच्या यंत्राची साधारण तासातासाने होणारी सलामी तेवढी चालू राहिली होती, आणि त्या काही नोंदींवरून विमान दक्षिणेकडे गेले हे कळले.

सह्यभटक

सामान्य भटक्याच्या बाजूने एक तक्रार. इरिडियमवर चालणारी खिशातली संकट-संदेश यंत्रे जगभरचे गिर्यारोहक वापरतात. आपल्याकडे परवानगीशिवाय ती जवळ बाळगणे गुन्हा ठरू शकते. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी भटक्या महिलेला त्यावरून अडवले गेले होते. येथे लिलाव की वाटप, हा वाद आमच्यापर्यंत पोहोचतच नाही.

कायद्याचे_बोला

सह्यभटक, त्यामागचे कारणही मुंबईतच आहे. २६/११ च्या हल्लेखोरांकडे थुराया या परदेशी कंपनीचा सॅटेलाइट फोन होता. त्यानंतर थुराया आणि इरिडियमची यंत्रे भारतात वापरण्यावर सक्त निर्बंध आले आणि अधिकृत सॅटेलाइट फोन म्हणजे बीएसएनएलमार्फत मिळणारा इन्मारसॅटचा, अशी स्थिती झाली. देशातून जाणारा संदेश देशातल्याच भूकेंद्रातून जावा, हा सरकारचा आग्रह आहे. या सेवेचा परवाना मागणाऱ्याला स्पेक्ट्रमच्या किमतीआधी ही अट पार करावी लागते.

खोडदकर

भूकेंद्राचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या नारायणगावजवळच्या आर्वीला १९७१ पासून 'विक्रम' उपग्रह भूकेंद्र होते आणि पुढे इन्मारसॅटची भारतातली वाहतूकही बरीच वर्षे तेथूनच होत असे. त्याच परिसरात खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. एकीकडे उपग्रहाशी मोठ्याने बोलणारे केंद्र आणि दुसरीकडे आकाशातली कुजबुज ऐकणारी दुर्बीण, दोन्ही एकाच तालुक्यात. उपग्रहांच्या लहरी जमिनीवरून येत नाहीत, त्यामुळे डोंगराआड दुर्बीण बांधून त्या टळत नाहीत. इरिडियममुळे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ हैराण झाले होते, हे तर सर्वश्रुत आहे.

निवृत्त_दूरसंचारी

खोडदकर, त्यात एक भेद करायला हवा. इरिडियमच्या गळतीचा त्रास झाला तो १६१०.६ ते १६१३.८ मेगाहर्ट्झमध्ये, जेथे अवकाशातल्या हायड्रॉक्सिल रेणूंच्या नैसर्गिक रेडिओ लहरींची रेषा दिसते. त्याबद्दलची भांडणे प्रामुख्याने युरोपातल्या वेधशाळांची होती. जीएमआरटी साधारण १४५० मेगाहर्ट्झच्या खाली ऐकते, म्हणून ती रेषा तिच्या टप्प्यात येत नाही. तिला जवळचा आहे तो १३७ ते १३८ मेगाहर्ट्झचा पट्टा, ज्यात ऑर्बकॉमसारखे छोटे संदेश पाठवणारे मोबाइल उपग्रह बोलतात, कारण तो तिच्या १२० ते २५० मेगाहर्ट्झच्या बँडमध्ये येतो.

शेजाऱ्यांचा हा प्रश्न एल आणि एस बँडमध्ये सर्वत्र आहे. अमेरिकेत लाइटस्क्वेअर्ड कंपनीला उपग्रहाच्या एल बँडमध्ये जमिनीवर टॉवर उभारायचे होते. जीपीएसची मुख्य लहर १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, म्हणजे अगदी जवळ. चाचण्यांत जीपीएसचे रिसीव्हर बधिर होऊ लागले, परवानगी अडली आणि मे २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. आपल्या 'नाविक' या उपग्रह दिशादर्शन प्रणालीची (भारताच्या जीपीएसची) एक लहर २४९२.०२८ मेगाहर्ट्झवर आहे. तो पट्टा म्हणजे २४८३.५ ते २५००, आणि ग्लोबलस्टारचे उपग्रह त्याच पट्ट्यात फोनशी बोलतात. हा पट्टा कोणाला किती शक्तीने वापरू द्यायचा, हे बोलीच्या आकड्यावरून ठरवता येईल का, ते लिलावशास्त्री यांनी सांगावे.

लिलावशास्त्री

शक्तीची मर्यादा लिलावाच्या अटींत लिहिता येते. ते लिलावाविरुद्धचे कारण नव्हे. माझा मूळ मुद्दा अद्याप अनुत्तरित आहे. साध्या फोनला थेट उपग्रहाशी जोडण्याचे दोन मार्ग आहेत. एकात मोबाइल कंपनीने लिलावात विकत घेतलेल्या लहरीच उपग्रह वापरतो. २४ डिसेंबर २०२५ रोजी आपल्याच एलव्हीएम-३ रॉकेटने श्रीहरिकोट्याहून वर नेलेला, सुमारे ६.१ टनांचा ब्लूबर्ड उपग्रह त्या प्रकारचा. दुसऱ्यात मोबाइल उपग्रह सेवेच्या लहरी वापरल्या जातात. बीएसएनएल आणि व्हायासॅट यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये दाखवलेले प्रात्यक्षिक त्या प्रकारचे. ग्राहकाच्या हातात फोन तोच, सेवा तीच. पहिल्याने लिलावाचे हजारो कोटी मोजायचे आणि दुसऱ्याने महसुलाचे ४ टक्के, यात समान संधी कोठे आहे?

ऑस्टिनवासी

दोन्हींची क्षमता मात्र समान नाही. उपग्रहाचा एक झोत शेकडो चौरस किलोमीटरवर पसरतो आणि त्यातले सारे फोन तेवढ्याच लहरी वाटून घेतात, त्यामुळे दादर किंवा कोथरूडमध्ये तो टॉवरशी स्पर्धा करू शकत नाही. शिवाय जोखीमही पाहा. सुमारे ५ अब्ज डॉलर खर्चून उभारलेल्या इरिडियमने १९९८ मध्ये सेवा सुरू केली, १९९९ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि पुढे तिची मालमत्ता अवघ्या अडीच कोटी डॉलरना विकली गेली. लिलावाची आगाऊ रक्कम तिच्यावर असती, तर ते उपग्रह जाळून टाकण्याचा जो बेत तेव्हा झाला होता, तो कदाचित अमलातही आला असता.

तरंगलांबी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाकडे वळतो. लिलाव आणि मोफत खिरापत यांच्यामध्ये एक तिसरा मार्ग युरोपने चोखाळला होता. २ गिगाहर्ट्झच्या मोबाइल उपग्रह पट्ट्यासाठी त्यांनी अर्ज मागवले, जाहीर निकषांवर तुलना केली आणि मे २००९ मध्ये इन्मारसॅट व सोलॅरिस मोबाइल या दोघांना प्रत्येकी दोन्ही दिशांना १५ मेगाहर्ट्झ दिले, तेही मे २०२७ पर्यंतच. निकाल उत्तम लागला असे नाही; बराच काळ तो पट्टा पुरेसा वापरला गेला नाही आणि इन्मारसॅटने आपला भाग मुख्यतः विमानातील इंटरनेटसाठी योजला. परंतु मुदत ठरलेली असल्याने तो पट्टा पुन्हा सरकारांच्या हाती येणार आहे, आणि डिशच्या कथेत नेमके तेवढेच घडले नाही.

म्हणून माझ्या मते आपल्याकडे वाटपच असावे, पण काही अटी लेखी हव्यात. लहर हस्तांतरित करता येऊ नये, कंपनी विकली गेली तरी. ठरलेल्या काळात वापरली नाही तर ती परत घ्यावी. जमिनीवरच्या टॉवरसाठी वापरायची परवानगी कधी दिलीच, तर त्या दिवसापासून जमिनीवरच्या स्पेक्ट्रमचा दर लागू व्हावा, म्हणजे लिलावशास्त्री यांचा आक्षेप बराचसा निवळेल. आणि दर्याकिनारी ताईंच्या प्रश्नासाठी, मच्छीमार, रेल्वे व आपत्ती निवारण यांच्या वापराचा भाग कोणत्याही खासगी वाटपात न येणारा, वेगळा राखलेला असावा.

२०२७ च्या शरद ऋतूत शांघायला होणाऱ्या जागतिक रेडिओ परिषदेत मोबाइल उपग्रह सेवेला नवे पट्टे देणे आणि साध्या फोनला थेट जोडणे, हे दोन्ही विषय आहेत. तेथे मिळणारे नवे पट्टे भारतात येण्याआधी या अटी ठरल्या पाहिजेत.

दर्याकिनारी

राखीव भाग ठेवाल तेव्हा तो आजच्या नौका मोजून ठेवू नका. यांत्रिक नौकांनंतर छोट्या होड्यांचाही नंबर लागेल, आणि तेव्हा जागा उरलेली नसेल.

लिलावशास्त्री

तिसरी अट मला मान्य आहे आणि ती दूरसंचार विभागाकडे सूचना म्हणून पाठवण्यासारखी आहे. हस्तांतरणाची बंदी मात्र कागदावर राहील. विकत घेणारा लहर घेत नाही, लहर असलेली कंपनी घेतो, आणि देवासपासून डिशपर्यंत हेच झाले आहे. मालकी बदलताच वाटप आपोआप संपेल, असे कलम कोणी लिहून दाखवले तर मी लिलावाचा हट्ट सोडीन.

कायद्याचे_बोला

मसुदा करतो. रविवारपर्यंत वेळ द्या.